जुनी पोलीस गस्तीची गाडी शोधणे आणि पुन्हा घडवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या शहरांच्या, काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) आणि राज्यांच्या पोलीस दलांनी वापरून निकालात काढलेल्या गस्तीच्या गाड्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर साधारण १९५० ते १९९० या काळातल्या गाड्यांवर आहे. माझा आग्रह एकच आहे आणि तो जवळजवळ प्रत्येक उत्तरात डोकावेल: "एक पोलीस गाडी" बनवायला जाऊ नका. हातातली गाडी कोणत्या दलाची होती, कोणत्या वर्षी रस्त्यावर होती, हे शोधा आणि तीच गाडी परत आणा.

पोलीस गाडी म्हणजे नेमकं काय? साध्या गाडीला दिवा लावला की झाली का?

नाही. पोलिसांकडे स्वतःचं वाहन असणं फार जुनं आहे. ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराने १८९९ मध्येच विजेवर चालणारी पोलीस गाडी घेतली होती. पण बराच काळ पोलीस दलं बाजारातली साधी गाडी विकत घेऊन तिच्यावर आपल्या कार्यशाळेत सोपस्कार करत. १९५० मध्ये फोर्डने पोलिसांसाठी कारखान्यातूनच वेगळं पॅकेज द्यायला सुरुवात केली, १९५५ मध्ये शेव्हरोलेने आणि त्यानंतर लगेच डॉज आणि प्लायमाउथने. तिथून पुढे "पोलीस गाडी" ही कारखान्यातच वेगळी बनू लागली.

या पॅकेजमध्ये डोळ्यांना दिसणारं फारसं काही नसतं. जाड स्प्रिंगा, जोरकस शॉकअब्सॉर्बर, मोठे ब्रेक, मोठा रेडिएटर, जास्त करंट देणारा जनरेटर किंवा अल्टरनेटर, दिवसरात्र बसून मोडू नये अशी सीटची चौकट, अचूकतेची हमी असलेला स्पीडोमीटर, कार्पेटऐवजी रबरी चटई. दिवे, सायरन, रेडिओ हे बहुधा पोलीस दल नंतर बसवून घेई.

एक गैरसमज इथेच दूर करतो. प्रत्येक पोलीस गाडी भन्नाट वेगाची नसते. १९६९च्या डॉज पोलारात ४४० घनइंचाचं, म्हणजे ७.२ लिटरचं, ३७५ अश्वशक्तीचं इंजिन मिळत असे आणि कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलने, म्हणजे त्या राज्याच्या महामार्ग पोलीस दलाने, ते घेतलंही. पण गल्लीबोळांत फिरणाऱ्या शहर पोलिसांना काटकसर महत्त्वाची होती, त्यामुळे कितीतरी गाड्या सहा सिलिंडरच्या साध्या इंजिनाच्याच होत्या. तुमच्या गाडीत तसं इंजिन निघालं तर हिरमुसू नका आणि त्या जागी मोठं इंजिन बसवू नका. ती गाडी तशीच नोकरीला होती.

ही गाडी खरोखर पोलिसांसाठीच बनली होती, हे कसं ओळखायचं?

आधी आकडे वाचा, मग पत्रा.

क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांमध्ये, म्हणजे डॉज आणि प्लायमाउथमध्ये, काम सोपं आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि १९७०च्या दशकातल्या गाडी क्रमांकातलं (कारखान्याने दिलेल्या, नंबरप्लेटवरच्या नव्हे) दुसरं अक्षर दर्जा सांगतं आणि तिथे "के" असेल तर ती पोलीस गाडी. "डीके४१" म्हणजे डॉजची चार दारांची पोलीस सेडान, "पीके४१" म्हणजे प्लायमाउथची. त्याच जागी "टी" असेल तर ती टॅक्सी होती. पोलीस गाडी आणि टॅक्सी या दोघींत मजबुतीचं बरंच सामान सारखं असल्याने टॅक्सीवर दिवा चढवून ती पोलीस गाडी म्हणून खपवणं सोपं जातं. हे अक्षर म्हणूनच सगळ्यात आधी बघावं.

शेव्हरोलेमध्ये शोधायचा कोड "९सी१". "९सी६" म्हणजे टॅक्सी. १९८०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या गाड्यांत डिकीत कोडांची यादी असलेलं लेबल चिकटवलेलं असतं. ते शाबूत असेल तर वाद मिटतो. त्याआधीच्या गाड्यांत कारखान्याचा जोडणीचा कागद शोधावा लागतो. हा कागद सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला, डॅशबोर्डमधल्या कप्प्यामागे (ग्लोव्हबॉक्स) दुमडलेला, चटईखाली चिकटलेला असा कुठेही सापडतो. तो ठिसूळ झालेला असतो, हाताने ओढू नका. स्प्रिंगा कापून कागद सोडवावा, कागद फाडून स्प्रिंगा वाचवू नयेत.

फोर्डमध्ये दारावरच्या पट्टीवर "डीएसओ" नावाचा रकाना असतो. त्यात विभागाच्या कोडनंतर जादा आकडे असतील तर गाडी खास मागणीवरून बनली होती. खास मागणी म्हणजे पोलीसच असं नाही, अग्निशमन दल किंवा टेलिफोन कंपनीही असू शकते. १९६७पासून पुढच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी मार्टी ऑटो वर्क्स या कंपनीकडे आहेत आणि क्रमांक दिला की त्या गाडीचा अहवाल विकत मिळतो. १९९०च्या दशकातल्या बहुतेक क्राउन व्हिक्टोरिया पोलीस गाड्यांच्या क्रमांकात "पी७१" दिसतं.

आकड्यांनी हात टेकले तर पत्र्याकडे वळा. टपाच्या मधोमध बुजवलेलं भोक, पुढच्या काचेशेजारच्या खांबात स्पॉटलाइटच्या दांड्याचं भोक, मागच्या मडगार्डवर किंवा डिकीवर अँटेनाची जागा, डॅशबोर्डखाली स्क्रूंच्या रांगा, आतून कापून सोडलेल्या जाड वायरी. दार उघडल्यावर आतला दिवा लागत नसेल तर तेही बघा. रात्री गाडीतून उतरणारा अधिकारी उजेडात दिसू नये म्हणून ती जोडणी मुद्दाम तोडलेली असे.

अशा गाड्या शोधायच्या कुठे?

पोलीस दलं गाड्या थोडीच वर्षं वापरून लिलावात काढत. तिथून त्या टॅक्सीवाल्यांकडे, छोट्या गावांच्या पोलिसांकडे, शेतांवर किंवा घरातल्या धाकट्या मुलाकडे जात. म्हणून "पोलीस गाडी विकणे आहे" अशा जाहिरातीपेक्षा "जुनी चार दारांची सेडान, साधं मॉडेल" अशा जाहिरातीत खरा माल जास्त सापडतो. फोटोत बारकाईने बघा: बिनाक्रोमची धार, मधोमध छोट्या ताटलीएवढ्या टोप्या असलेली लोखंडी चाकं, साधी सलग सीट. महागड्या मॉडेलचं मोठं इंजिन आणि स्वस्तातल्या मॉडेलचं अंग ही जोडी दिसली की फोन उचला.

कोरड्या हवेच्या राज्यांतल्या भंगार आवारांत अजूनही गाड्या आहेत. त्या पूर्ण दुरुस्त होण्याजोग्या नसल्या तरी दाते म्हणून, म्हणजे भाग काढून दुसऱ्या गाडीला लावायला, मोलाच्या असतात. पोलीस कार ओनर्स ऑफ अमेरिका ही हौशी मालकांची संघटना आहे. तिच्या सभासदांना कोणती गाडी कुठे पडून आहे याची खडान्‌खडा माहिती असते. आणि निवृत्त पोलीस कर्मचाऱ्यांशी बोला. आपली जुनी गाडी लिलावात कुणी नेली हे त्यांना आश्चर्य वाटावं इतकं नीट आठवत असतं.

दिवे, सायरन, चिन्हं, सगळं जागेवर असलेली गाडी मिळते आहे. घ्यावी ना?

सावकाश. दलं लिलावापूर्वी दिवे, रेडिओ आणि सायरन काढून घेत, कारण ते पुढच्या गाडीवर चढवायचे असत. दारावरची अक्षरं खरवडली जात किंवा दारं रंगवली जात. म्हणून जसंच्या तसं सगळं असलेली गाडी विरळा आणि बहुतेक वेळा ती आधीच्या हौशी माणसाने सजवलेली असते. ते वाईट नाही, पण मग ते सामान त्या दलाचं आणि त्या वर्षाचं आहे का हे तपासायला हवं. १९६२च्या गाडीवर १९७०च्या दशकातली दिव्यांची पट्टी मी अनेकदा बघितली आहे.

घेण्यापूर्वी काय तपासू?

गंज, गंज आणि गंज. चेसिसचे मागचे कमानीसारखे भाग, टपावरच्या दिव्याच्या भोकाभोवतीचा पत्रा, पुढच्या काचेखालची खाच, डिकीचा तळ. टपावरचं भोक नीट सील केलेलं नसेल तर वर्षानुवर्षं पाणी छताच्या अस्तरातून खाली झिरपलेलं असतं आणि खांबांच्या आतून पत्रा खाल्लेला असतो. वरून रंग चकचकीत असला तरी. लोहचुंबक सोबत ठेवा, पुट्टीच्या थरावर तो चिकटत नाही.

पोलीस गाडीने अपघात बघितलेले असणारच. समोरचा भाग एकदा तरी बदललेला असेल असं गृहीत धरा आणि चेसिस सरळ आहे ना हे मोजून बघा. मीटरवरचे मैल कमी दिसले तरी भुलू नका: या गाड्या तासन्‌तास जागेवर उभ्या राहून इंजिन चालू ठेवत आणि तो वापर मीटरवर चढत नाही.

मालकीची कागदपत्रं नसतील तर गाडी दाता म्हणूनच घ्या.

गाडी घरी आणली. पहिलं काम काय?

पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. धुऊसुद्धा नका. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा, प्रत्येक भोकाचं मोजमाप घ्या, प्रत्येक कापलेल्या वायरीला चिठ्ठी बांधून ती कुठून कुठे जाते ते वहीत लिहा. उत्साहाच्या भरात पहिल्याच शनिवारी प्रेशरने धुतलेल्या गाडीतून जे वाहून जातं, ते पुन्हा मिळत नाही.

मग सीट काढा, पण जाड हातमोजे घालून. मागच्या सीटखाली अटक केलेल्या माणसांनी काय काय खुपसलेलं असतं याला धरबंध नाही. सुया आणि पाती निघतात. त्याबरोबरच पावत्या, गस्तीच्या नोंदींचे चिटोरे, पेन, दलाच्या नावाची आगपेटी हेही निघतं. एखाद्या चिटोऱ्यावरचा युनिट क्रमांक पुढच्या सगळ्या शोधाची किल्ली ठरू शकतो. शस्त्र किंवा काडतूस सापडलं तर तसंच ठेवून स्थानिक पोलिसांना कळवा.

दारावरचं मूळ चिन्ह खरवडून टाकलंय. ते कसं होतं हे कळेल का?

बऱ्याचदा कळतं, आणि या सगळ्या कामातला मला सर्वात प्रिय भाग हाच.

गाडी अंधाऱ्या जागी न्या. टॉर्च दारापुढे न धरता दाराच्या कडेशी धरा, जवळजवळ पत्र्याला टेकवून, म्हणजे उजेड पत्र्यावरून सपाट सरकेल. मग टॉर्च हळूहळू फिरवा. जिथे वर्षानुवर्षं अक्षरं चिकटलेली होती तिथला रंग उन्हापासून झाकलेला राहिला, आजूबाजूचा झिजला. त्या दोन थरांच्या उंचीत केसाएवढा फरक राहतो आणि तिरप्या उजेडात त्याची सावली पडते. आधी एक सरळ कड दिसते, मग ताऱ्याचं एक टोक, मग गोलाकार अक्षरांची कमान. दिसलं की लगेच फोटो काढा, कोन बदलून आणखी काढा, आणि दारावर ट्रेसिंगचा कागद चिकटवून मऊ पेन्सिलीने कडा उतरवून घ्या. मापं थेट या कागदावरून घ्यायची, फोटोवरून नाही.

वरून दुसरा रंग मारलेला असेल तर पाण्याच्या कागदाने (ओल्या पॉलिश पेपरने) एका छोट्या जागी गोल गोल घासा: आधी ४०० नंबरचा, मग ८००, मग १५००. प्रत्येक थराचं एक वर्तुळ उघडं पडतं आणि रंगांचा क्रम समोर येतो. त्या काळच्या रंगांत शिसं असे, म्हणून ओलंच घासा, तोंडाला चांगला मास्क लावा आणि तो गाळ गटारात सोडू नका.

मूळ रंगाची खरी छटा हवी असेल तर ऊन न लागलेली जागा शोधा. टपावरच्या दिव्याच्या बैठकीखाली किंवा दाराच्या रबराखाली ती बहुधा सापडतेच.

फोटो आणि नोंदी कुठे मिळतील?

स्थानिक वर्तमानपत्रांची फोटो दफ्तरं, शहराचं ग्रंथालय, शाळांची वार्षिकं, अपघातांचे जुने फोटो. अपघाताच्या फोटोत कोपऱ्यात उभी असलेली गस्तीची गाडी दलाच्या अधिकृत फोटोपेक्षा कितीतरी प्रामाणिक असते, कारण ती त्यासाठी चकाकवलेली नसते. नगर परिषदेच्या सभांच्या इतिवृत्तांत गाड्यांच्या खरेदीचे ठराव असतात: किती गाड्या, कोणत्या विक्रेत्याकडून, कोणत्या इंजिनाच्या. कंटाळवाणे कागद, पण सोन्याच्या मोलाचे.

कृष्णधवल फोटोवरून दिव्याचा रंग ठरवू नका. लाल आणि निळा घुमट दोन्ही गडद राखाडीच दिसतात, आणि काही जुन्या फिल्म लाल रंगाला जवळजवळ काळाच दाखवत. त्यासाठी माणसाची आठवण, रंगीत स्लाइड किंवा खरेदीचा कागद हवा.

टपावरची आणि डॅशबोर्डवरची भोकं बुजवून टाकू का?

कृपया नको. ही भोकं म्हणजे गाडीचं सेवापुस्तक आहे. कोणत्या मापाच्या दिव्याची बैठक होती, अँटेना कोणत्या जातीची होती, रेडिओचं नियंत्रण कुठे बसवलं होतं, हे ती भोकंच सांगतात. आधीच्या मालकाने बुजवलेली असतील तर आतून पत्रा बघून वेल्डिंगचे गोल शोधा आणि त्याच जागी पुन्हा पाडा. नवी भोकं अंदाजाने कधीही पाडू नका. पावसापासून बचाव हवा असेल तर रबरी बुचं लावा.

रंग कसा ठरवायचा? काळा-पांढरा चालेल ना?

तुमच्या दलाचा तोच असेल तर. कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल काळी-पांढरी, पण मिशिगन राज्य पोलिसांच्या गाड्या निळ्या, टपावर एकच लाल फिरता दिवा आणि बॉनेटवर माशाच्या परासारखी उभी पट्टी. कित्येक दलांच्या गाड्या एकाच साध्या रंगाच्या होत्या, कारण ते स्वस्त पडे आणि लिलावात विकायला सोपं जाई.

दोन रंगांच्या गाडीत दाराच्या आतल्या कडा बघा. दारं कारखान्यात पांढरी झाली असतील तर कडाही पांढऱ्या असतात. दलाने नंतर रंगवली असतील तर कडा काळ्याच राहिलेल्या असतात. तुमच्या गाडीला जसं होतं तसंच ठेवा. आतल्या कडा "नीट" रंगवून इतिहास सुधारू नका. आणि त्या काळच्या गस्तीच्या गाडीवर आरशासारखी चकाकी नसे.

टपावरचा फिरता दिवा मिळाला, पण फिरत नाही. काय करू?

आधी तो तुमच्या काळाचा आहे ना हे बघा. फेडरल कंपनीचा बीकन रे हा घुमटाचा दिवा १९५०-६०च्या दशकांत सर्वत्र दिसे. दोन टोकांना फिरते दिवे आणि मधे सायरनचा कर्णा असलेली ट्विनसॉनिकसारखी आडवी पट्टी त्यानंतरची.

बीकन रेमध्ये आरसा फिरत नाही, बल्बच फिरतात. म्हणजे फिरत्या चकतीला वीज पोहोचवायला कार्बनचे ब्रश आणि पितळी कडी असतात आणि नव्वद टक्के रोग तिथेच किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये असतो. उघडा, वर्म गिअरवरचं कडक झालेलं ग्रीस काढा, नवं थोडंसंच लावा. कडी बारीक कागदाने हलकेच साफ करा आणि ब्रश किती उरले आहेत ते बघा. हाताने फिरवल्यावर चकती सहज फिरली तरच वीज जोडा. अडकलेल्या मोटरला वीज दिली तर गुंडाळी जळते आणि ती पुन्हा भरून घेणं जिकिरीचं.

घुमटाला थिनर किंवा पेट्रोल लावू नका. प्लॅस्टिकमध्ये क्षणात बारीक भेगा पडतात आणि त्या जात नाहीत. साधा साबण, पाणी, मऊ कापड, नंतर प्लॅस्टिकचं पॉलिश.

एलईडी बल्ब बसवू नका असा माझा आग्रह आहे. जुन्या बल्बची तार तापून पिवळसर उजेड देते, तो लाल घुमटातून येतो तेव्हा त्याला जी ऊब असते ती एलईडीत येत नाही. पण जनरेटर कमजोर असेल तर मिरवणुकीपुरता पर्याय म्हणून मी समजू शकतो.

सायरन?

यांत्रिक सायरन म्हणजे मोटरवर फिरणारा छिद्रांचा पंखा, आणि तो वीज पितो. अग्निशमन गाड्यांवरचा फेडरलचा मोठा क्यू२बी तर सुमारे १०० अँपिअर घेतो. पोलिसांचे त्याहून लहान असत, तरी बॅटरीपासून थेट जाड केबल आणि सोलेनॉइड (मोठा करंट जोडणारा विजेचा खटका) लागतोच. डॅशबोर्डच्या बटणातून थेट करंट नेऊ नका. इलेक्ट्रॉनिक सायरनमध्ये दुरुस्ती बहुतेक वेळा जुन्या कपॅसिटरांपुरती असते. कानांना संरक्षण घालूनच चाचणी करा आणि ती बंद आवारात करा.

रेडिओ चालू करता येईल का?

बसवता येईल, ऐकता येईल, पण पोलिसांच्या लहरींवर बोलता येणार नाही. हे स्पष्ट असू द्या.

पोलीस रेडिओचा इतिहास फार सुंदर आहे. १९२८ मध्ये डेट्रॉइट पोलिसांनी गाड्यांपर्यंत एकतर्फी संदेश पोहोचवायला सुरुवात केली. गाडी ऐकू शके, उत्तर देऊ शकत नसे. १९३३ मध्ये न्यू जर्सीतल्या बेयॉनने दुतर्फी रेडिओ आणला. पुढच्या काळातल्या गाड्यांत मुख्य पेटी डिकीत आणि फक्त बटणं, कर्णा आणि माइक पुढे अशी रचना असे. ती पेटी जड असते, म्हणून डिकीच्या तळाला आडवी पट्टी लावलेली दिसते.

अँटेनाची लांबी मनाने ठरवू नका, ती लहरींवरून ठरते. ४२ मेगाहर्ट्झच्या आसपास काम करणाऱ्या दलाची पाव-लहर (लहरीच्या लांबीच्या पावपट) अँटेना सुमारे १.८ मीटर येते, म्हणूनच जुन्या हायवे गाड्यांच्या मागे ती लवलवणारी लांब काडी दिसते. १५५ मेगाहर्ट्झला तीच अँटेना अर्ध्या मीटरपेक्षाही थोडी लहान होते आणि टपावर बसते. चुकीची अँटेना लावलेली गाडी जाणत्या माणसाला लांबूनच कळते.

बहुतेक जुने संच आज पोलिसी कामाला परत लावता येत नाहीत; १५० ते ५१२ मेगाहर्ट्झमधल्या बहुतेक परवान्यांना अमेरिकेत १ जानेवारी २०१३पासून अरुंद पट्टी (प्रत्येक वाहिनीला कमी रुंदीची जागा) सक्तीची झाली आणि त्या लहरींवरचे जुने संच त्या चौकटीत बसत नाहीत. हौशी (हॅम) रेडिओचा परवाना असेल तर लो बँडचे, म्हणजे ४२ मेगाहर्ट्झच्या आसपासचे, काही संच ५० मेगाहर्ट्झच्या हौशी पट्टीवर जुळवून घेता येतात. व्हॉल्व्हच्या संचात जीवघेणा व्होल्टेज असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये तो राहतो. माहितगाराशिवाय झाकण उघडू नका.

वायरिंगचं काय?

अशा गाडीला आग लागते ती बहुधा इथून. दलाच्या कार्यशाळेने घाईत ओढलेल्या, लिलावापूर्वी कापून लोंबत सोडलेल्या वायरींत अजूनही बॅटरीचा करंट असू शकतो. बॅटरीला कट-ऑफ (वीज तोडणारा खटका) लावल्याशिवाय गाडी गॅरेजमध्ये रात्रभर ठेवू नका. जुन्या मृत वायरी उपटून फेकू नका, टोकं बंद करून जागेवरच ठेवा आणि नव्या वायरी फ्यूज व रिलेसह वेगळ्या ओढा.

१९५०च्या दशकाच्या मध्यापूर्वीच्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. फोर्ड आणि क्रायस्लर १९५६च्या मॉडेलपासून १२ व्होल्टवर गेल्या. दिवा, सायरन, रेडिओ घेताना हे विचारलंच पाहिजे. जुन्या फोर्डमध्ये तर बॅटरीचा धन ध्रुव बॉडीला जोडलेला असे.

इंजिन आणि ब्रेकमध्ये काही वेगळं?

इंजिन इतर कोणत्याही त्या काळच्या गाडीसारखंच. रबरी इंधन नळ्या बदला, कारण आजच्या इंधनातलं इथेनॉल त्या खातं. तेल जस्तयुक्त वापरा. ब्रेकमध्ये मात्र लक्ष द्या: अमेरिकन गाड्यांना दुहेरी मास्टर सिलिंडर सर्वत्र १९६७च्या मॉडेलपासून आला. त्याआधीच्या गाडीत एक नळी फुटली की चारही ब्रेक जातात. सगळ्या नळ्या नव्या घाला, हयगय नको. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ती हवेने फुंकून साफ करू नका.

स्पीडोमीटर जपायला हवा का?

जिवापाड. गाडीची ओळख सांगणारा तो तुकडा आहे. वेगाचा गुन्हा न्यायालयात टिकावा म्हणून त्याची अचूकता तपासलेली असे आणि तबकडीवर "सर्टिफाइड" लिहिलेलं असे. तबकडी रंगवून नवी करू नका. यंत्रणा साफ करून केबलला तेल द्या. आकडा चुकत असेल तर टायरचं माप आणि मागच्या धुऱ्याचं गिअर गुणोत्तर तपासा. गिअरबॉक्समधलं केबलचं छोटं दातेरी चाक त्यानुसार निवडलेलं असतं.

अशी गाडी रस्त्यावर चालवणं कायदेशीर आहे का?

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे, आणि रंग मारण्याआधी तो समजून घ्यायला हवा, नंतर नाही. आपल्या राज्याच्या वाहन विभागाला आणि ज्या दलाचं चिन्ह लावणार त्या दलाला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या आणि त्याची प्रत गाडीत ठेवा. जुनं चिन्ह असलं तरी दलाची परवानगी मागणं हा सौजन्याचा भाग आहे आणि बहुतेक दलं त्यानंतर मदतच करतात; काही तर जुने फोटोही शोधून देतात.

रस्त्यावर दिवे आणि सायरन कधीही चालू करू नका. दिव्यावर कापडी आवरण घाला, "पोलीस" या शब्दावर चुंबकी पट्टी लावा, गाडी सेवेत नाही अशी पाटी लावा. गणवेश घालून ती चालवू नका. लोक आपल्याला बघून अचानक ब्रेक मारतात, हे लक्षात ठेवून अंतर राखा. संकटात सापडलेला माणूस मदतीसाठी धावत येऊ शकतो, म्हणून फोन जवळ ठेवा.

मूळ रंग फिका पण शाबूत आहे. नवा रंग मारू?

नको. मूळ रंग, मूळ चिन्ह, झिजलेली चालकाची सीट हे सगळं शाबूत असलेली गाडी अतिशय दुर्मीळ आहे. यंत्रणा पूर्ण सुरक्षित करा, पत्रा नुसता स्वच्छ करून जपा. मोठ्या पट्ट्याने आणि पिस्तुलाच्या म्यानाने घासून फाटलेली सीटची कड पुन्हा शिवून नवी केली, तर त्या सीटवर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाची खूण आपणच पुसली.

हवं ते सामान मिळतच नाही. नक्कल चालेल?

चालेल, पण नक्कल म्हणून. भागाच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत "नवा बनवलेला" असं आणि वर्ष कोरा. दाराची चिन्हं तर नवीच करावी लागतात. शक्य असल्यास हाताने अक्षरं रंगवणाऱ्या कारागिराकडून, कारण १९५०च्या दशकातली बरीच चिन्हं हातानेच रंगवलेली होती आणि कापलेल्या व्हिनाइलच्या कडा फार तंतोतंत दिसतात.

कधी अख्खी गाडीच एका दलापुरती बनलेली असते. १९५५ मध्ये ब्युइकने कॅलिफोर्निया हायवे पेट्रोलसाठी मॉडेल ६८ ही दोन दारांची सेंच्युरी सेडान खास बनवली होती; ती बाजारात मिळत नव्हती. अशा गाडीचा काही भाग जोडून बनवला असेल तर ते लपवणं म्हणजे पुढच्या संशोधकाला फसवणं.

काम संपल्यावर कागदपत्रांचं काय करायचं?

एक फाइल करा आणि ती गाडीबरोबरच विकली जाईल असं ठरवा. तिच्यात पहिल्या दिवसाचे न धुतलेल्या गाडीचे फोटो, भोकांची मापं, दाराचा ट्रेसिंगचा कागद, रंगांच्या थरांची नोंद, सापडलेले चिटोरे आम्लरहित पाकिटात, निवृत्त अधिकाऱ्यांशी झालेल्या बोलण्याची तारखेसह टिपणं, परवानगीची पत्रं. शेवटी दोन याद्या: कोणते भाग या गाडीचे मूळ आहेत आणि कोणते दुसऱ्या गाडीवरून किंवा नव्याने आले आहेत. खात्री नसलेल्या भागापुढे प्रश्नचिन्ह टाका. या फाइलची एक प्रत ज्या शहराची गाडी होती तिथल्या ग्रंथालयाला द्या. अशी नोंद त्यांच्याकडे बहुधा नसते.